पाणी अडवायचं कुठे? गावाकडच्या घराचं नळकाम समजून घेताना

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने घरापर्यंत पोचवायचं, असं त्यात ठरलं. पण योजनेची जबाबदारी अंगणातल्या नळाशी संपते. त्या नळापासून हौदात, हौदातून मोटारीने वरच्या टाकीत, टाकीतून मोरीत, स्वयंपाकघरात, संडासात आणि शेवटी घराबाहेर, हा सगळा प्रवास आपला. त्यात काही बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी असतो आणि तो येईपर्यंत घरातली बाई बादल्या लावून बसलेली असते. म्हणून निदान आपल्या घरातलं पाणी कुठून कुठे जातं आणि कुठे थांबवता येतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

थांबवणं ही यातली मुख्य गोष्ट आहे. नळकामाची कुठलीही दुरुस्ती पाणी बंद करण्यापासून सुरू होते. गावाकडच्या बहुतेक घरांत नेमकी तीच सोय नसते. टाकीच्या खाली एक व्हॉल्व्ह असतो, तोही कित्येक वर्षं न फिरवल्यामुळे जाम झालेला. मोरीतला एक नळ बदलायचा तर पूर्ण टाकी रिकामी करावी लागते. घर बांधताना फरशी आणि रंगावर हात सैल सोडला जातो आणि व्हॉल्व्ह मात्र ‘कशाला उगाच’ म्हणून गाळले जातात. माझं सांगणं असं की टाकीतून निघणाऱ्या मुख्य पाईपवर एक, मोरीकडे जाणाऱ्या फाट्यावर एक, स्वयंपाकघराच्या फाट्यावर एक आणि संडासाच्या फाट्यावर एक, असे चार बॉल व्हॉल्व्ह तरी हवेत. हात पोचेल अशा जागी हवेत, भिंतीत चिणलेले नकोत. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचे, म्हणजे क्षार बसून घट्ट होत नाहीत. आणि कोणता व्हॉल्व्ह कुठला ते ऑइल पेंटने भिंतीवर लिहून ठेवा. पुरुषमाणूस शेतावर असताना पाईप फुटला तर घरात असलेल्याला ते वाचता आलं पाहिजे.

धार बारीक का येते

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा उंचीत असतं. टाकीतल्या पाण्याचा दाब टाकी किती मोठी यावर ठरत नाही, ती नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतो. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. आता आपलं एकमजली घर घ्या. स्लॅब 10 फुटांवर, टाकी तीन फुटांच्या चौथऱ्यावर, मोरीतला नळ अडीच-तीन फुटांवर. म्हणजे फरक 10 फुटांचा, तीन मीटरचा, आणि दाब जेमतेम 0.3 किलो. शॉवर सात फुटांवर असेल तर फरक सहाच फुटांचा उरतो आणि दाब 0.2 किलोच्याही खाली जातो. 500 लिटरची टाकी काढून 1000 लिटरची बसवली तरी यात काहीच फरक पडत नाही. टाकी तीन फूट आणखी वर नेली तर मात्र लगेच कळतो.

गॅस गिझर पेटत नाही म्हणून लोक गिझर दुकानात परत नेतात. त्यातली बरीचशी यंत्रं ठणठणीत असतात. पुरेशा जोराने पाणी वाहिल्याशिवाय आतला गॅस सुटूच नये अशी त्याची रचना असते आणि आपल्या टाकीचा तेवढा जोरच नसतो. ओघाने आलंच आहे तर इथेच सांगतो: गॅस गिझर मोरीच्या आत लावू नका. बंद मोरीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळ करणारा माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर लावा आणि गरम पाण्याचा पाईप तेवढा आत घ्या.

टाकी उंच करताना तिच्या वजनाचा विचार करायचा. 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन. ते स्लॅबच्या मधोमध ठेवायचं नाही, भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवायचं. प्लास्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण टेकेल असा सपाट चौथरा लागतो. चार विटा चार कोपऱ्यांत लावून त्यावर ठेवलेली टाकी तळाशी ताणून तडकते.

उंची असूनही धार बारीक असेल तर पाईपचा व्यास बघा. तेवढंच पाणी एक इंचाऐवजी अर्ध्या इंचाच्या पाईपातून न्यायचं तर घर्षणात जाणारा दाब तिसाहून अधिक पटींनी वाढतो. म्हणून टाकीपासून खाली येणारा मुख्य पाईप एक इंची ठेवायचा, फाटे पाऊण इंची, आणि अर्धा इंच फक्त नळापाशी. पैसे वाचवायला टाकीपासूनच अर्धा इंच टाकला की दोन नळ एकदम उघडल्यावर तिसऱ्याला पाणी येत नाही.

तिसरं कारण हवा. टाकी पूर्ण रिकामी होऊन परत भरली की पाईपच्या उंच वळणावर हवा अडकते आणि कमी दाबाच्या पाण्याला ती ढकलता येत नाही. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडा, तरी नळ कोरडा, असं झालं तर बहुतेक हेच असतं. मुख्य व्हॉल्व्हच्या लगेच पुढे एक अर्धा इंची पाईप टी लावून टाकीच्या वरच्या काठापेक्षा उंच न्यायचा आणि त्याचं तोंड उघडं, खाली वाकवलेलं ठेवायचं. अडकलेली हवा तिथून निघून जाते. किरकोळ खर्चाचं काम आहे, पण वर्षानुवर्षांचा त्रास संपवतं.

मोटार पाणी उचलत नाही तेव्हा

विहिरीच्या काठावर बसवलेली मोनोब्लॉक मोटार (मोटार आणि पंप एकाच यंत्रात) पाणी ओढते असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात मोटार पाईपातली हवा कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतल्या पाण्याला पाईपात वर ढकलतो. हवेच्या दाबाची ताकद मर्यादित आहे. समुद्रसपाटीला तो पाण्याला जास्तीत जास्त 10.3 मीटर उचलू शकतो, आणि देशावर पाच-सहाशे मीटर उंचीवरच्या गावात त्यापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक कमी. घर्षण, सांधे, पंपाची झीज हे वजा केलं की हातात उरतात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. मोटार कितीही हॉर्सपॉवरची घ्या, हा आकडा वाढत नाही.

एप्रिल-मे महिन्यात विहिरीचं पाणी पंचवीस फुटांवर गेलं की पावसाळ्यात छान चालणारी मोटार हवा धरायला लागते ती यामुळेच. ती उघडून वायंडिंग तपासण्यात पैसे घालवू नका. मोटार विहिरीत खाली पायरीवर उतरवा, किंवा पाणबुडी मोटार टाका. पाणबुडी पाण्याखाली बसून पाणी वर ढकलते, तिला ही वीस फुटांची अट लागू नाही.

पाणी वीस फुटांच्या आत असूनही मोटार उचलत नसेल तर संशय दोनच ठिकाणी घ्यायचा. एक, फुटव्हॉल्व्ह. पाईपच्या टोकाशी पाण्यात असलेली ही झडप पाईपात भरलेलं पाणी परत विहिरीत जाऊ देत नाही. मोटार बंद ठेवून वरून पाणी भरा आणि थोडा वेळ थांबा. पाण्याची पातळी खाली जात असेल तर झडपेत काडी-कचरा अडकलाय किंवा तिचं रबर गेलंय. दोन, विहिरीकडच्या पाईपचे सांधे. मोटार चालू असताना तिथून पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून ही गळती डोळ्यांना दिसत नाही. मोटारीतून खळखळ आवाज येतो, पाणी अडखळत येतं, मध्येच तुटतं, ही तिची खूण. मोटार बंद असताना सांधे ओले दिसतात का ते बघा आणि संशय असेल तो सांधा उघडून नव्याने टेप गुंडाळून बसवा. कोरडी मोटार फिरवत ठेवू नका, आतलं सील जळतं आणि मग पाणी दांड्याजवळून गळायला लागतं.

हे सगळं करताना मेन स्विच बंद. मोटारीचं अर्थिंग आणि गळतीच्या विजेला तोडणारा आरसीसीबी ही घरातली सगळ्यात स्वस्त सुरक्षा आहे. पावसाळ्यात ओल्या हाताने, अनवाणी मोटार चालू करायला गेलेल्या माणसांच्या बातम्या दर वर्षी वाचाव्या लागतात.

गावाच्या नळाला थेट टिल्लू पंप लावण्याबद्दलही बोललं पाहिजे. शेजाऱ्याचं पाणी पळतं हा एक भाग झाला. दुसरा भाग आरोग्याचा आहे. गावचा पाईप बऱ्याच ठिकाणी गटाराच्या कडेने जातो, त्याला कुठे ना कुठे बारीक भेग असते. पाणी दाबाने वाहत असतं तोवर भेगेतून ते बाहेर गळतं. पंपाने ओढायला लागलं की पाईपातला दाब उणा होतो आणि गटारातलं पाणी त्याच भेगेतून आत येतं. ते आधी ओढणाऱ्याच्याच हौदात पडतं. नळाचं पाणी जमिनीतल्या हौदात आपसूक पडू द्या आणि पंप हौदावर लावा.

गळणारा नळ

टपटप गळणारा नळ रात्रभर बादलीखाली ठेवून बघा. सकाळी बादलीत किती साठलं ते डोळ्यांनी पाहिल्यावर वायसर आणायला कोणी उद्यावर ढकलत नाही.

गरगर फिरवायचा जुना नळ घरी दुरुस्त होतो. त्या फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर बारीक स्क्रू आत जातो. वरची मूठ काढा, खालचा षटकोनी भाग पान्याने उलटा फिरवा, तो दांड्यासकट बाहेर येतो. त्याच्या टोकाशी रबराचा वायसर असतो. तो चेपलेला, फाटलेला दिसेल. नवा अर्ध्या इंचाचा वायसर बसवा आणि सगळं उलट्या क्रमाने जोडा. त्याआधी टॉर्च लावून नळाच्या आत बघा. वायसर ज्या पितळी कड्यावर टेकतो त्याच्यावर चरा पडला असेल तर नवा वायसरही महिनाभरात फाटणार. अशा वेळी नळच बदलणं बरं. पाणी तोंडातून न गळता मुठीच्या बुडाशी पाझरत असेल तर वायसरचा दोष नाही. दांड्याभोवतीचं पॅकिंग सैल झालंय, त्यावरचा नट थोडा आवळा किंवा आत नवा दोरा गुंडाळा.

गळतो म्हणून नळ आणखी जोरात आवळायची सवय घराघरात आहे. त्याने कड्याचा चरा खोल जातो आणि दांड्याचे आटे जातात. घरातल्या मुलांना तेवढं आवर्जून सांगा.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांचा शत्रू म्हणजे रेती. बोअरच्या पाण्यातून येणारी बारीक रेती मध्ये अडकली की चकती ओरखडते. तिथे आतला पूर्ण स्पिंडल बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना स्पिंडल हातात घेऊन जा, कारण प्रत्येक कंपनीची लांबी आणि दात वेगळे. टाकीच्या भरण्याच्या पाईपवर एक साधी गाळणी बसवली आणि ती दर महिन्याला धुतली, तर हे नळ बरीच वर्षं टिकतात.

गळती कुठेच दिसत नाही आणि टाकी मात्र रातोरात खाली जाते, असंही होतं. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर पुढच्या रात्री एका फाट्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, मग दुसऱ्याचा. ज्या रात्री पातळी हलणार नाही, त्या रात्री बंद असलेल्या फाट्यात गळती आहे. भिंत फोडायची ती तेवढीच. संडासाचा फ्लश असेल तर आधी तिकडे बघा, तिथली गळती आवाज न करता होते. फ्लशच्या टाकीत थोडी हळद कालवा आणि अर्ध्या तासाने भांड्यात पिवळं उतरतंय का ते पाहा.

पाईप आणि त्याचे सांधे

पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी, पिवळसर सीपीव्हीसी गरम आणि थंड दोन्हींसाठी, आणि राखाडी पीव्हीसी शेतीसाठी. सोलरचं पाणी उन्हाळ्यात 80 अंशांच्या वर जाऊ शकतं. यूपीव्हीसी 60 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो. सोलरच्या लाइनला उरलेला पांढरा तुकडा जोडला की तो काही दिवसांत वाकतो आणि सांध्यातून सुटतो. दोन्हींचं सोल्युशनही वेगळं असतं, डब्यावर वाचून घ्या.

सांधा सुटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा घाई असतं. पाईप सरळ कापायचा, कड घासायची, ओल पूर्ण पुसायची, दोन्हीकडे सोल्युशन लावायचं, पाव फेरा फिरवत आत दाबायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. मग पाणी लगेच सोडायचं नाही. शक्य असेल तर काम संध्याकाळी करून रात्रभर वाळू द्या. दाबाखालच्या ओल्या चिरेवर एमसील थापणं मात्र वाया जातं. तात्पुरतं अडवायचं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि वर तार आवळा, दोन दिवस नक्की निघतात.

लोखंडी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा) प्लास्टिकच्या आट्यात जोराने आवळला की प्लास्टिक उभं चिरतं. अशा ठिकाणी आतून पितळी आटे असलेली फिटिंग घ्या, थोडी महाग पडते पण टिकते. मोटार, गिझर आणि टाकी यांच्याजवळ युनियन बसवलेली असू द्या, म्हणजे पाईप न कापता ती वस्तू सोडवता येते. आणि उघड्यावरच्या प्लास्टिक पाईपला रंग मारा किंवा तो दीड फूट जमिनीखाली घाला. सतत ऊन लागलेला पाईप काही वर्षांत ठिसूळ होतो आणि मग म्हशीचा पाय पडायला निमित्त पुरतं.

देशावरच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. असं पाणी तापवलं की क्षार खाली बसतात, गिझरची कॉइल पांढऱ्या थराने झाकते आणि शॉवरची भोकं बुजतात. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला की थर सुटतो. कोकणातल्या जांभ्याच्या भागात गोष्ट उलटी. तिथलं पाणी मऊ आणि थोडं आम्लाकडे झुकणारं असतं, त्याने लोखंडी पाईप आतून गंजतो आणि सकाळची पहिली धार तांबडी येते. तिथे प्लास्टिकच बरं.

पाणी बाहेर जाताना

मोरीतून वास येतो तेव्हा लोक फिनेल ओततात. वास अडवायचं काम खरं तर जाळीखालच्या वाकड्या भागात साठलेलं पाणी करतं. सुटीत बंद राहिलेल्या घरात ते सुकतं आणि गटाराची हवा घरात शिरते. तांब्याभर पाणी ओतलं की थांबते. न थांबली तर तिथे तो वाकडा भाग, म्हणजे ट्रॅपच बसवलेला नाही असं समजा.

सांडपाण्याला शोषखड्डा हवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेऊन उघडी गटारं घालवली आणि डासही कमी केले. खड्ड्याआधी गाळ आणि केस अडवणारं छोटं कुंड ठेवा, ते महिन्याला साफ करा. काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खोल जा, कारण ओली झालेली काळी माती फुगते आणि पाणी मुरू देत नाही. विहीर किंवा बोअरपासून खड्डा निदान 10 मीटर लांब असू द्या.

दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा असतो. गावोगाव दोन्ही एकदम सुरू ठेवलेले दिसतात, मग दोन्ही एकदमच भरतात. चेंबर उघडून एकीकडची वाट विटेने आणि मातीने बंद करा. पहिला भरला की वाट बदला. बंद केलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच राहू दिला की आतल्या मैल्याचं कोरडं, बिनवासाचं खत होतं. ते शेतात घालता येतं. मोरीचं पाणी या खड्ड्यांत सोडू नका.

सेप्टिक टाकी असेल तर तिचं झाकण फरशीखाली गाडू नका आणि ते कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलवा. टाकीत कोणीही उतरायचं नाही, घरचा माणूस नाही आणि मजुरी देऊन आणलेलाही नाही. आत विषारी वायू असतो आणि प्राणवायू नसतो. पहिला पडला म्हणून त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.